मायक्रोफोनपुढची बाई

(यवतमाळ येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचे भाषण म्हणजे बोलणारीची परीक्षा आणि ऐकणारीची शिक्षा. त्यात तुमच्यातल्या बऱ्याच जणी झरी, घाटंजी, पांढरकवड्याकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या. म्हणून मी आज तुम्हाला एका बाईची हकिगत सांगणार आहे. तिच्या आडून आपल्या जिल्ह्यावरही येईन. मध्येच काही विचारावेसे वाटले तर खुशाल थांबवा.

एक छायाचित्र आहे, १९४२ सालच्या अखेरीचे, लंडनमधले. बी.बी.सी.च्या स्टुडिओत एका टेबलाभोवती काही माणसे जमली आहेत, मधे मायक्रोफोन. त्यात इंग्रजीतले थोर कवी टी. एस. एलियट आहेत, जॉर्ज ऑर्वेल आहेत, आपले मुल्कराज आनंद आहेत. साहित्याच्या पुस्तकांत हे चित्र कितीदा तरी छापले गेले. आणि त्या चित्रात, टेबलाशी, साडी नेसलेली एक तरुण बाई बसली आहे. ही कोण, असे विचारले तर भलेभले प्राध्यापक अडखळतात. ती आपली कोल्हापूरकडची. वेणू चितळे.

मी एम.एस.डब्ल्यू. करताना ऑर्वेल हे नाव ऐकले होते. वेणूचे ऐकले नव्हते. वर्गात कुणी सांगितले नाही, आणि सांगणार तरी कोण? त्यांनाही कुणी सांगितलेले नसणार. पुढे रेडिओचे काही वाचताना हे नाव समोर आले आणि मी खरोखर चकित झाले. महाराष्ट्रातली मुलगी लंडनहून जगाशी बोलते, आणि महाराष्ट्रात तिचे नाव शंभरांतल्या एकीला ठाऊक नाही.

वेणूचा जन्म १९१२ सालचा, शिरोळचा. शाळा पुण्याच्या हुजूरपागेत, मग मुंबईत विल्सन कॉलेज. १९३४च्या सुमारास ती शिकण्यासाठी इंग्लंडला गेली. ज्या काळात पोरीला चौथीनंतर शाळेत ठेवावे की नाही यावर घरोघर खल होत असे, त्या काळात एकटी मुलगी बोटीने विलायतेला जाते. तिच्या जातीचा, वर्गाचा तिला आधार होता हे विसरून चालणार नाही. घाटंजीच्या पोडावरच्या कोलाम मुलीला त्या वर्षी ती बोट दिसणे शक्य नव्हते. आजही ती बोट तिच्यापासून फार जवळ आली आहे असे मला वाटत नाही. पण आधार असणाऱ्या सगळ्याच काही बोटीत बसल्या नाहीत, वेणू बसली, हेही तितकेच खरे.

महायुद्ध सुरू झाले. १९४०मध्ये वेणू बी.बी.सी.त लागली. हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करणारा जो पूर्वेकडचा विभाग होता, त्यात. काम काय, तर भाषांतर, लेखन, वाचन, कार्यक्रमाची जुळवाजुळव, सगळेच. लंडनवर तेव्हा रात्री बॉम्ब पडत होते. १५ ऑक्टोबर १९४० रोजी बी.बी.सी.च्या मुख्य इमारतीतच बॉम्ब फुटला, तिथली सात माणसे मेली, आणि निवेदक बातम्या वाचतच राहिला. अशा शहरात ही कामाला जात होती.

आता गंमत ऐका. युद्धामुळे इंग्लंडात साखर, लोणी, मांस सगळे रेशनवर आले. तेव्हा सकाळच्या बातम्यांनंतर रोज पाच मिनिटे स्वयंपाकाचा एक कार्यक्रम लागत असे. त्याचे नाव ‘किचन फ्रंट’, म्हणजे स्वयंपाकघराची आघाडी. मांस मिळेना, मग काय शिजवायचे? ते सांगायला वरण-भाजी खाणाऱ्या देशातली बाई बरी. वेणूने इंग्रज बायकांना इंग्रजीतून शाकाहारी रांधण शिकवले. हिंदुस्थानातून आलेल्या एका मुलीने राज्यकर्त्यांच्या बायकांना डाळ कशी शिजवायची ते सांगितले, हे मला फार आवडते.

पण त्यातली मेखही पाहा. बाईचा आवाज रेडिओच्या घरात शिरला तो स्वयंपाकघराच्या दाराने. आपल्याकडेही आकाशवाणीवर दुपारी ‘वनिता मंडळ’ लागायचे. बायकांनी बायकांशी, बायकांच्या वेळेला बोलावे. मी त्या कार्यक्रमांना नावे ठेवणार नाही. दुपारी भांडी आवरून बसलेल्या कितीतरी जणींना बाहेरच्या जगाची खिडकी तेवढीच होती. परंतु बातम्या? बातमी म्हणजे गंभीर गोष्ट. ती पुरुषाने सांगायची.

बी.बी.सी.नेच १९३३ साली शीला बॉरेट नावाच्या बाईला निवेदिका म्हणून घेतले होते. तक्रारींच्या पत्रांचा ढीग पडला आणि तीनेक महिन्यांत तिला बाजूला केले गेले. पत्रे लिहिणाऱ्यांत बायकाही खूप होत्या. यावर हसण्याआधी आपण आठवून बघू, ग्रामसभेत एखादी बाई उठून बोलली की पहिले कुजबुजणे कुठून ऐकू येते. पुरुषप्रधान व्यवस्था काही फक्त पुरुषांच्या डोक्यात राहत नाही.

हे सगळे असताना वेणू पुढे बातम्याही वाचू लागली. तिचे इंग्रजी अतिशय स्वच्छ होते असे सांगतात. १९४१च्या ऑगस्टमध्ये ऑर्वेल त्या विभागात आले आणि दोन वर्षांहून थोडे जास्त राहिले. १९४२च्या मार्चपासून बी.बी.सी.ची मराठी बातमीपत्रे सुरू झाली. ऑर्वेल मूळ इंग्रजीत लिहीत, आणि मराठी, गुजराती, बंगाली, तमिळमध्ये त्यांची भाषांतरे होत. प्रत्येक शब्द आधी सेन्सॉरकडून तपासून घ्यावा लागे. बोलणारा लिहून मंजूर झालेल्या मजकुराबाहेर गेला तर प्रक्षेपण तोडायला माणूस बसलेला असे. म्हणजे मायक्रोफोन तुमच्यापुढे आहे, पण त्याचे बटण दुसऱ्याच्या हातात.

आणि हे कोणते वर्ष? ‘चले जाव’चे. ऑगस्ट १९४२. आपल्या शेजारी वर्धा-चंद्रपूर भागात आष्टी आणि चिमूर पेटले. मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी आणि तिचे सोबती गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवत होते, ४२.३४ मीटरवर. रोज जागा बदलायची, यंत्र उचलायचे, दुसऱ्या घरात लावायचे. सरकारी रेडिओ जे सांगत नाही ते लोकांना सांगायचे. नोव्हेंबरात पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याच्या तुरुंगात ठेवले. १९४६मध्ये त्या सुटल्या.

तर त्याच महिन्यांत एक बाई लंडनमध्ये साम्राज्याच्या रेडिओवर, दुसरी मुंबईत साम्राज्याविरुद्धच्या रेडिओवर. कुणी म्हणेल, वेणूने इंग्रजांची चाकरी केली. मला इतके सोपे वाटत नाही. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशीही तिचा संबंध होता, म्हणजे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू तिने सोडलेली नव्हती. हिटलरचा पराभव व्हावा आणि इंग्रजही जावेत, असे दोन्ही एकाच वेळी वाटणारी पुष्कळ माणसे तेव्हा होती. आपणही सरकारी योजनेत काम करतो आणि संध्याकाळी त्याच सरकारच्या कचेरीवर मोर्चा नेतो. ज्यांनी पगार आणि पटणे यांचा ताळमेळ कधी घातला नाही, त्यांनी तिला बोल लावावा.

शिवाय ते कार्यक्रम ऐकत तरी किती जण होते? १९४७ साली स्वातंत्र्य आले तेव्हा देशात आकाशवाणीची केंद्रे सहा, आणि रेडिओ पोहोचत होता लोकसंख्येच्या अकरा टक्क्यांपर्यंत. यवतमाळच्या एखाद्या सावकाराकडे, वकिलाकडे संच असेल. नागपूरचे केंद्र १९४८मध्ये सुरू झाले. ऑर्वेल तर राजीनामा देताना, आपण आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवतो आहोत, अशा अर्थाचे लिहून बाहेर पडले. बी.बी.सी.ची मराठी सेवा मात्र मधला थोडा खंड सोडता १९५८पर्यंत चालली. मग बंद झाली ती जवळजवळ साठ वर्षे. २०१७ साली ती इंटरनेटवर पुन्हा आली.

वेणू १९४७च्या शेवटी मायदेशी परतली. विजयालक्ष्मी पंडित यांच्याबरोबर तिने काही काळ काम केले. १९५० साली तिची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली, पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांची. त्याच सुमारास लग्न झाले आणि वेणू दत्तात्रेय चितळेची लीला गणेश खरे झाली.

इथे मला थोडे थांबायचे आहे.

रेडिओवर माणसाला चेहरा नसतो. आवाज आणि नाव एवढीच मिळकत. ऐकणारा ज्या नावाने ओळखतो, तेच नाव लग्नात बदलले की मागची सगळी मेहनत पुसली जाते. खरे आडनावाने शोधणाऱ्याला चितळेबाई सापडत नाहीत, आणि चितळे नावाने शोधणाऱ्याला १९५०नंतरची बाई सापडत नाही. त्यांची दुसरी कादंबरी यायला १९९३ साल उजाडले. १ जानेवारी १९९५ रोजी त्या गेल्या. नाव तिने आनंदाने बदलले असेल, कुणी जबरदस्ती केली असे मी म्हणत नाही. रीतच अशी की कुणाला जबरदस्ती करावी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, बी.बी.सी.वाल्या बाईच्या नावाचे आपल्याला काय? मग तुमच्या गटाचे रजिस्टर काढा. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकात तिसरेच. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला गेले की तलाठी विचारतो, ‘ही सुनीता आणि ती वंदना एकच कशावरून?’ मग प्रतिज्ञापत्र करा, पैसे मोजा. कर्जाखाली शेतकरी जातो, आणि मागे राहिलेल्या बाईला आधी हे सिद्ध करावे लागते की ती तीच आहे. सरकारने १ मे २०२४पासून मुलांच्या नावात आईचे नाव लावणे सुरू केले, चांगली गोष्ट आहे. पण त्या आईचे कोणते नाव, हा प्रश्न उरतोच.

आणखी एका बाईचे थोडक्यात सांगते. सईदा बानो. भोपाळच्या, लग्नाने लखनौच्या. नवऱ्याशी पटले नाही, घर सोडले, लहान मुलाला घेऊन एकट्या दिल्लीला आल्या आणि १३ ऑगस्ट १९४७ रोजी आकाशवाणीवर उर्दू बातम्या वाचल्या. त्यांच्या आधी ते काम बाईने केले नव्हते. फाळणीचे दिवस, त्यात मुसलमान बाई, एकटी. धमकीची पत्रे येत. त्या वाचत राहिल्या. त्यांचे आत्मचरित्र आता इंग्रजीतही मिळते. मराठीत कुणीतरी आणावे अशी माझी फार इच्छा आहे.

आता यवतमाळ. जानेवारी २०१९मध्ये इथे ब्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले होते, तुमच्यातल्या काही जणी मांडवात होत्या. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. वेणूने ज्यांच्याबरोबर काम केले त्या विजयालक्ष्मींची ही मुलगी. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठी संमेलनात कशाला, म्हणून विरोध झाला, उधळून लावण्याची भाषा झाली, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या भाषणाची एवढी भीती! ते भाषण मग भाषांतर होऊन वर्तमानपत्रांत छापून आले आणि मांडवात ऐकले असते त्याहून जास्त लोकांनी वाचले.

त्या रिकाम्या जागी उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर चालवणाऱ्या. यावर तेव्हा दोन तऱ्हेचे बोलले गेले. काहींना फार भरून आले. काहींनी म्हटले, अडचणीतून सुटायला आयोजकांनी बिचारीला पुढे केले. मला दोन्ही खटकले. ‘बिचारी’ हा शब्द तर फारच. वैशालीताई ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या, हजार माणसांपुढे बोलण्याची सवय त्यांनी कमावलेली होती. आयोजकांचे हेतू काहीही असोत, मायक्रोफोन हाती आल्यावर त्या रडल्या-भेकल्या नाहीत, ठणकावून बोलल्या. पण नयनताराबाईंना बोलू दिले नाही हा अन्याय वैशालीताईंच्या भाषणाने फिटत नाही. एका बाईला गप्प करून दुसरीला बोलते करणे ही युक्ती जुनी आहे, तिला आपण टाळ्या वाजवू नयेत.

आता आपल्या कामाचे. मी गेली काही वर्षे गावांत जाते, मोबाइलवर बायकांचे बोलणे मुद्रित करते. पहिले वाक्य ठरलेले. ‘मले काई बोलता येत नाई मॅडम.’ आणि हे वाक्य बोलणारी बाई पाच मिनिटांनी बोंडअळीवर, उधारीच्या बियाण्यावर, दारूच्या भट्टीवर अर्धा तास बोलते. मग थांबते आणि म्हणते, ‘हे काई रेडूओवर लावू नोका.’

का लावू नका? सासरा ऐकेल, हे एक. दुसरे म्हणजे भाषा. एकदा एका ठिकाणी ध्वनिमुद्रणाला आमच्या दोघी जणी गेल्या होत्या. तिथले गृहस्थ सज्जन होते, चहाही दिला. पण प्रत्येक वाक्यानंतर ते म्हणत, ‘ताई, जरा शुद्ध बोला.’ चौथ्या वाक्याला आमची बाई गप्प झाली. तिला जे माहीत होते ते वऱ्हाडीतच माहीत होते. वेणू चितळ्यांना त्या स्टुडिओत जागा मिळाली त्यात त्यांच्या स्वच्छ इंग्रजीचा वाटा मोठा होता. ज्यांची भाषा ‘स्वच्छ’ ठरत नाही त्यांनी काय करायचे?

आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात याचे एक उत्तर आहे. संगारेड्डी जिल्ह्यातले माचनूर गाव. तिथल्या दलित बायकांच्या संघमने, म्हणजे आपल्या गटांसारख्याच गटांनी, १९९८च्या सुमारास छोटा स्टुडिओ उभारला. परवाना नव्हता. म्हणून दहा वर्षे त्या कॅसेटवर कार्यक्रम भरत आणि कॅसेट गावोगाव नेऊन वाजवत. बियाणे, बाळंतपण, गाणी, भांडणे, सगळे आपल्या बोलीत. १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ खऱ्या अर्थाने हवेत गेला. चालवणाऱ्या दोघी, दोघींचे नाव नरसम्मा. त्यातल्या एकीला सगळे ‘जनरल’ म्हणतात. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ही त्याच वर्षी सुरू झाली.

हे शक्य कसे झाले तेही समजून घ्या. १९९५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची खासगी नव्हे. २००२मध्ये शिक्षणसंस्थांना छोट्या रेडिओचे परवाने द्यायचे ठरले. २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना. संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी. यंत्राची ताकद शंभर वॅटची, म्हणजे साधारण दहा किलोमीटरच्या आसपासची गावे. कार्यक्रमांपैकी निम्मे तरी तिथेच तयार झालेले हवेत. आणि अडचण ही, की स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. बातमी आकाशवाणीची घ्या, तशीच लावा. म्हणजे बाईने पाककृती सांगावी, लोकगीत म्हणावे, पण गावच्या पाणीपुरवठ्यात कुणी पैसे खाल्ले ते सांगू नये. ‘किचन फ्रंट’पासून आपण किती पुढे आलो याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तुमच्या मुलींपैकी कुणाला या कामात जायचे असेल तर भाबडेपणा नको, म्हणून हेही सांगते. आकाशवाणीच्या केंद्रांवर जे आवाज तुम्ही ऐकता त्यांतले बरेच नैमित्तिक उद्घोषकांचे असतात. महिन्याला साधारण सहा पाळ्या, पाळीप्रमाणे पैसे. पेन्शन नाही, बाळंतपणाची रजा नाही. वीस वर्षे बोलून नैमित्तिकच. माझ्या ओळखीची एक मुलगी असे काम करते. आवाज असा की ऊस चोखल्यासारखे वाटावे. तिला रात्रीची पाळी आली की सासरी भांडण, कारण सुटते अकराला आणि ऑटो मिळत नाही. ती म्हणते, ‘मॅडम, मी शुभरात्री म्हणते तेव्हा माझी खरी रात्र सुरू होते.’ पाळीनंतर घरी सोडायला वाहन मिळावे ही तिची मागणी अजून कागदावरच आहे. समान वेतनाची, सुरक्षिततेची आपली जी लढाई कापूस वेचणारणीसाठी आहे, तीच हिच्यासाठीही आहे. रेडिओवर बोलते म्हणून ती सुखी असेल असे समजू नका.

परवान्याचा अर्ज आपण लगेच करावा असे मी म्हणत नाही. पैसा लागतो, वीज लागते, रोज बोलायला माणसे लागतात. माचनूरच्या बायकांची कॅसेटची दहा वर्षे माझ्या डोळ्यांपुढे आहेत. आपल्याकडे तर कॅसेटही लागत नाही, प्रत्येक गटात एकीकडे तरी बरा मोबाइल आहे. गटाच्या बैठकीत दर महिन्याला दहा मिनिटे मुद्रित केलेले ऐकायचे, दुसऱ्या गावचे. झरीचे पुसदने ऐकायचे, नेरचे वणीने. कोलामीत बोलणारीने कोलामीत बोलायचे, बंजारा बाईने गोरमाटीत. न समजणाऱ्यांनी शेजारणीला विचारायचे. बोलणारीचे नाव सुरुवातीला तिनेच सांगायचे, जे तिला स्वतःचे वाटते ते. आणि तिने नको म्हटले तर ते मुद्रण तिच्या समोर पुसून टाकायचे, यात कुचराई चालणार नाही.

चहा झाल्यावर दोघी-दोघींच्या जोड्या करू. एकीने विचारायचे, दुसरीने सांगायचे, विषय एकच: या खरिपात घरात किती पैसे आले आणि त्यातले तुझ्या हातात किती. तीन मिनिटे. मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरा, पदराला घासू देऊ नका. आवाज नीट यावा म्हणून तेवढा वेळ पंखे बंद करावे लागतील, ते मात्र सोसायचे.